संतांच्या नांवाच्या आगबोटी
(ज्युबिली समारंभाच्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या मंडपांत बुलढाणा जिल्ह्यांतील एका मनुष्यानें आगबोटींवर बोलण्यास उभें राहावें, हें पाहून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. तें मलाहि आलें होतें. आपल्या जिल्ह्यांत बंदर नाहीं, धक्का नाहीं, भोंगा ऐकूं येतो तो आगगाडीचा. खारें पाणी पाहावयाचें तर लोणारास जावें. आणि त्या सरोवराच्या कांठीं उभें राहून कोणी आगबोटीची वाट पाहिल्याचें ऐकिवांत नाहीं. तथापि समुद्राशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. बुलढाण्याचा हा डोंगर पाणलोटाचा कणा आहे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस नळगंगेनें पूर्णेंत, पूर्णेनें तापींत आणि तापीनें सुरतेजवळ अरबी समुद्रांत जातो. दक्षिणेस पडलेला पैनगंगेच्या वाटेनें वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशीं वळणें घेत बंगालच्या उपसागरास मिळतो. पाण्याप्रमाणेंच मालाचेंहि. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवची आगगाडी व कापसाचा बाजार उघडला, तेव्हांपासून आपल्या काळ्या मातींतील कापूस जलंब जंक्शनावरून मुंबईच्या गोदींत आणि तेथून जहाजांत चढत आला आहे.

आणि माणसांचें म्हणाल तर आमच्या घराचेंच उदाहरण देतों. माझी आजी, जिला आम्ही सर्व नातवंडें शामाय म्हणत असूं, ती वेंगुर्ल्याकडची. आजोबा आगगाडीच्या नोकरींत मलकापुरास होते. सुमारें १९३४-३५ सालीं लग्न होऊन ती इकडे आली, ती वेंगुर्ल्याहून मुंबईपर्यंत आगबोटीनें आणि पुढें आगगाडीनें. त्यानंतर तिनें समुद्र फार थोड्या वेळां पाहिला. पण आगबोटीची गोष्ट तिनें आम्हांस इतक्या वेळां सांगितली कीं, जहाज म्हणजे काय हें मला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. मुख्यत्वें तिच्या त्या गोष्टीमुळेंच मीं पुढें या विषयावर मिळेल तें वाचलें. आजचें बोलणें हें त्या वाचनाचें व तिच्या सांगण्याचें मिश्रण आहे, हें आधींच कबूल करून टाकतों.

आगबोटी येण्यापूर्वीं कोंकणच्या किनाऱ्यावर शिडाचीं गलबतें, पत्तेमाऱ्या, मचवे हींच काय तीं वाहनें होतीं. वारा अनुकूल असला तर मालवणचा मनुष्य थोड्या दिवसांत मुंबईस पोंचे. नसला तर वाटेंतील एखाद्या खाडींत नांगर टाकून वाऱ्याची आराधना करीत बसे. जमिनीवरून जावें तर दर आठदहा मैलांवर एक खाडी आडवी, आणि तिच्या पलीकडे घाटी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यानें नियमानें फिरूं लागल्या, आणि कोंकणी मनुष्याला प्रथमच असें सांगतां येऊं लागलें कीं, ‘मी अमुक वारीं मुंबईस पोंचेन.’ ही गोष्ट आज लहान वाटते. परंतु गिरणींत हजेरी लावणारा, पलटणींतून रजेवर आलेला, किंवा गोंव्याहून मुंबईच्या गोदींत खलाशाच्या नोकरीसाठीं निघालेला मनुष्य यांना ती केवढी मोठी होती, याची कल्पना करावी. धोबीतलाव व माझगांव येथें गोंवेकरांच्या गांवोगांवच्या ज्या ‘कुडी’ वसल्या, त्यांतील बहुतेक ट्रंका आगबोटींतूनच उतरल्या.

या शेफर्ड कंपनीचीच ‘वैतरणा’ नांवाची एक आगबोट होती. १८८५ सालीं स्कॉटलंडांतील ग्रँजमथ येथें ती बांधली गेली. तिच्यावर विजेचे दिवे होते, आणि त्या काळीं ती अपूर्वाई असल्यामुळें लोक तिला ‘विजळी’ म्हणूं लागले. १८८८ च्या नोव्हेंबर महिन्यांत कच्छ-मांडवीहून मुंबईकडे येतांना काठेवाडच्या किनाऱ्यानजीक वादळांत ती नाहींशी झाली. सातशेंच्या वर माणसें गेलीं असें सांगतात. वांचला एकहि नाहीं. जहाजाचा सांगाडाहि मिळाला नाहीं. गुजरातेंत तिच्यावरचीं गाणीं पिढ्यान् पिढ्या म्हटलीं गेलीं. पुढें चौकशी झाली, तेव्हां अशा वादळास तोंड देण्याइतकी सामग्री या जहाजावर होती काय, बचावाच्या होड्या व पट्टे पुरेसे होते काय, हे प्रश्न निघाले. हे प्रश्न आपण लक्षांत ठेवावे, कारण आजच्या माझ्या बोलण्यांत ते पुन्हां येणार आहेत.

शेफर्डांच्या या व्यवसायांतूनच पुढें बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढें आली, आणि किनाऱ्यावर तिचें जवळजवळ राज्य झालें. तें राज्य गोऱ्या व्यापाऱ्यांचें होतें. भाडें त्यांचें, वेळापत्रक त्यांचें, आणि डेकावरच्या उतारूला मिळणारी वागणूकहि त्यांचीच.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची जी लाट आली, ती फक्त कापडापुरती व साखरेपुरती नव्हती, हें आपण पुष्कळदां विसरतों. दक्षिणेंत तुतिकोरीन येथें चिदंबरम् पिळ्ळे यांनीं १९०६ सालीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापून सिलोनपर्यंत आगबोटी सोडल्या. त्यांना लोकमान्य टिळकांचें साहाय्य होतें. प्रतिपक्षाच्या ब्रिटिश कंपनीनें भाडें उतरवीत उतरवीत शेवटीं फुकट प्रवास देण्यापर्यंत मजल नेली, आणि वर छत्री भेट देऊं केली असें सांगतात! १९०८ सालीं पिळ्ळे यांस तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि थोड्याच वर्षांत ती कंपनी मोडली. आमच्या कोंकण किनाऱ्यावर त्याच भावनेंतून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. तिचें हें लांबलचक इंग्रजी नांव कोणाच्या जिभेवर बसेना. लोक तिला सरळ ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणूं लागले. एखाद्या व्यापारी मंडळाला लोकांनीं ‘माझी’ म्हणावें, असें भाग्य फार थोड्यांच्या वांट्याला आलें असेल.

या कंपनीनें आपल्या बोटींना नांवें कोणतीं दिलीं? ‘तुकाराम’, ‘रामदास’, आणि त्यांच्याच जोडीला ‘सेंट अँथनी’, ‘सेंट फ्रान्सिस’, ‘सेंट झेवियर’. देहूचा वाणी, सज्जनगडचा बैरागी, पादुआचा साधु आणि जुन्या गोंव्यांत ज्याचें शव ठेवलें आहे तो धर्मप्रचारक, हे सारे एकाच धक्क्याला, एकाच दोरखंडानें बांधलेले! यांत व्यापाराची हुशारी होती हें उघड आहे. कोंकणांतला वारकरी आणि गोंव्यांतला ख्रिस्ती हे दोघेहि कंपनीला हवे होते, आणि संताचें नांव पाहून दोघेहि तिकीट काढतील असा हिशेब होता. परंतु हिशेबांतून निघालेली गोष्टहि चांगली असूं शकते. शामाय सांगे कीं, धक्क्यावर हिंदु बाया ‘आमची तुकाराम केव्हां सुटतां?’ असें विचारीत आणि सेंट अँथनी आधीं सुटत असली तर निमूटपणें तिच्यांत चढत. आमच्या बायाहि तसेंच उलट करीत. तिकिटाचे पैसे व बाजाराचा दिवस यांपुढें कोणी संताची निवड करीत बसत नसे.

आतां त्या प्रवासाचें थोडें वर्णन करतों, कारण ज्यांनीं तो केला अशीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत पणजीस जाई. प्रत्येक बोट प्रत्येक बंदर घेईच असें नाहीं. बहुतेक ठिकाणीं धक्का नसल्यामुळें ती दूर पाण्यांत उभी राही, आणि किनाऱ्यावरून पडावांत बसून उतारूंना तिच्यापर्यंत जावें लागे. हा पडावाचा प्रवासच खरा कठीण. लाट वर आली म्हणजे पडाव शिडीच्या बरोबरीस येई. तेवढ्या क्षणांत खलाशी मनुष्याचा दंड धरून त्याला वर ओढून घेई. पोर आधीं, मग म्हातारी, मग कोंबड्यांची टोपली. लुगडें नेसलेल्या नव्या नवरीला हें किती अवघड गेलें असेल तें भगिनीवर्गानेंच ताडावें. शामायची एक वहाण वेंगुर्ल्याच्या बंदरांत जी पडली ती पडलीच, आणि ती मलकापूरच्या स्टेशनावर अनवाणी उतरली. आजोबांच्या थोरल्या बहिणीनें त्यावरून जन्मभर तिची थट्टा केली.

वर डेकावर ज्यानें आधीं घोंगडी पसरली त्याची ती जागा. आंब्याच्या दिवसांत करंड्यांचा वास, एंजिनाच्या तेलाचा वास आणि ज्यांना बोट लागली आहे त्यांची अवस्था, यांचें मिश्रण तिला साठ वर्षांनींहि आठवे. खालच्या डेकावर एंजिनाची धग येई, म्हणून उकाड्यांत कोणी तिकडे जात नसे. थंडींत मात्र तिकडे भांडणें होत. रात्रीं कोणी भजन धरी, कोणी तेर्स म्हणे, आणि दोहोंच्या मध्यें पत्ते चालत. पावसाळा लागला कीं ही सगळी वाहतूक बंद. दर्या उतरल्यावर पुन्हां पहिली बोट आली म्हणजे बंदरावर सण असल्यासारखी गर्दी होई, कारण चार महिन्यांची मनिऑर्डर मनुष्याच्या रूपानें उतरत असे.

येथवर सर्व गोड आहे. पुढचें सांगणें जड जातें; पण तें गाळलें तर या विषयावर बोलण्यांत प्रामाणिकपणा राहणार नाहीं.

१९२७ सालच्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस कोंकण किनाऱ्यावर वादळ झालें, आणि त्या एकाच दिवशीं या कंपनीच्या ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी बुडाल्या. एकाच कंपनीचीं दोन जहाजें एकाच दिवशीं जावीं, असा प्रसंग आगबोटींच्या इतिहासांत क्वचित् घडला असेल. पुढें वीस वर्षांनीं ‘रामदास’ची पाळी आली. ही बोट १९३६ सालीं इंग्लंडांतील स्वॉन हंटर या प्रसिद्ध कारखान्यांत बांधलेली, लांबी सुमारें १७९ फूट, हजारभर उतारूंची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत जाण्याचें तिचें काम. अंतर थोड्या मैलांचें, वेळ फार तर दीड तास. १९४७ सालचा जुलै, १७ तारीख, गुरुवार. स्वातंत्र्यास एक महिना उरला होता. आषाढी अमावास्येचा सण घरीं करावा म्हणून अलिबाग-पेणकडची मंडळी सकाळीं आठच्या सुमारास निघाली होती. पाऊस होता, दर्या खवळलेला होता. मुंबईपासून कांहीं मैलांवर काशाच्या खडकाजवळ लाटा एका बाजूनें बोटींत शिरूं लागल्या. भिजलेले व घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूस धांवले, आणि बोट त्या बाजूस कलंडून उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

मुंबई इतकी जवळ होती, कीं स्वच्छ दिवशीं तेथून शहर दिसावें. तरी शहराला पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. पोहून किनाऱ्यास लागलेल्यांनीं सांगितलें तेव्हां, म्हणजे दुपार उलटून गेल्यावर, धक्क्यावर ही बातमी पोंचली. तोंपर्यंत जे वांचले ते मुख्यत्वें रेवसकडच्या कोळ्यांमुळें. मासळी घेऊन निघालेल्या त्या लोकांनीं धरलेली मासळी समुद्रांत ओतून दिली आणि होड्यांत माणसें भरलीं. त्या दिवशींच्या बाजाराचे पैसे त्यांना कोणी दिले असतील असें मला वाटत नाहीं.

या प्रसंगानंतर लोक म्हणूं लागले कीं, संतांचीं नांवें बोटींना लाभत नाहींत. तुकाराम गेली, रामदास गेली. लहानपणीं मींहि हें ऐकलें होतें आणि एकदां शामायला विचारलेंहि. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, ‘‘संतांनी खंय बोट बांधल्यानी रे? माणसांनी बांधल्यानी.’’ मला पुढें वाचनांत जें सांपडलें तें याहून वेगळें नव्हतें. डेकावर मोकळे बसलेले हजार उतारू म्हणजे बोटीच्या दृष्टीनें एक न बांधलेलें ओझें. पेट्या, गोणी दोरानें आवळतां येतात. माणसें भिऊन धांवतात. सरासरी एका मनुष्याचें वजन सव्वा मण धरलें तर चारशें माणसांचें पांचशें मण होतें, आणि तेवढें वजन क्षणांत एका कडेला गेलें म्हणजे लाटेनें आधींच कललेल्या, उंच डेकाच्या व अरुंद बोटीला सांवरणें अशक्य होतें. रामदासची रुंदी तीसएक फुटांहून अधिक नव्हती.

‘टायटॅनिक’ १९१२ सालीं बुडाल्यावर जगांतील राष्ट्रांनीं लंडनमध्यें जमून १९१४ सालीं समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा करार केला. सर्वांना पुरतील इतक्या बचावाच्या होड्या हव्या, बिनतारी यंत्र हवें, असें त्यांत ठरलें. परंतु पूर्वेकडील डेकावरच्या उतारूंसाठीं १९३१ सालीं वेगळे नियम झाले. त्यांना सिमल्याचे नियम म्हणतात. यांत कांहीं बाबतींत सूट होती. कारण असें देण्यांत येई कीं, पूर्ण नियम लावले तर भाडें वाढेल आणि गरीब उतारूला प्रवासच करतां येणार नाहीं. हें कारण खोटें नव्हतें. एकमेकांशीं भाडेंयुद्ध खेळणाऱ्या कंपन्यांना दर उतारूमागें आणे मोजावे लागत, आणि उतारूलाहि लागत. तरी मला असें वाटतें कीं, स्वस्तपणाची किंमत कोणत्या डेकावरून वसूल व्हावी हें ठरवितांना त्या डेकावरील मनुष्याला कोणी विचारलें नाहीं. कंपनी गोऱ्यांची असतांना त्याला विचारलें नाहीं याचें नवल नाहीं. ती ‘माझी’ झाल्यावरहि विचारलें नाहीं, याचें मात्र वाईट वाटतें.

पुढचा इतिहास मी भराभर सांगून टाकतों. १९१९ च्या ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून विलायतेस सोडणारी, वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांची सिंदिया कंपनी आपणांस ठाऊकच आहे. १९३९ च्या सुमारास बाँबे स्टीम नॅव्हिगेशन तिच्या ताब्यांत आली, आणि शेफर्डांचें जुनें राज्य अखेर हिंदी हातांत पडलें. पोर्तुगीज सरकारशीं संबंध बिघडल्यावर १९५५ च्या सुमारास गोंव्याकडील वाहतूक थांबली. १९६१ च्या डिसेंबरांत गोंवा मुक्त झाल्यावर ती पुन्हां सुरू झाली. त्यानंतर चौगुले यांच्या ‘कोंकण सेवक’ व ‘कोंकण शक्ति’ या बोटी आल्या. नांवांतून संत गेले, आणि सेवक व शक्ति आले. काळाप्रमाणें नांवेंहि बदलतात. पुढें हें काम मोगल लाइन या सरकारी कंपनीकडे गेलें. पण तोंवर सडक झाली होती, रात्रीं बसलेला मनुष्य एस. टी. नें सकाळीं गांवीं उतरूं लागला होता, आणि पडावांत उडी मारून चढण्याची हौस कोणालाच उरली नव्हती. १९८० नंतरच्या दशकांत किनाऱ्याची ती जुनी आगबोट बंद पडली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी सुरू झाली, तेव्हां तिची आठवण काढणारेहि कमी झाले. १९९४ सालीं दमाणिया यांनीं मुंबई-गोंवा वेगवान् कॅटामरान काढून पाहिली; तीहि फार वर्षें चालली नाहीं.

शामाय ही सारी स्थित्यंतरें मलकापुरांत बसून ऐके. आगबोट बंद झाल्याची बातमी माझ्या वडिलांनीं तिला वाचून दाखविली, तेव्हां तिनें एवढेंच विचारलें कीं, आतां पडाववाले काय करतील. तो प्रश्न त्या बातमींत कोणीं विचारला नव्हता.

मीं स्वतः प्रथम समुद्रावर पाय ठेवला तो फार उशिरां. मागच्या थंडींत नातवाला घेऊन मी भाऊच्या धक्क्यावर गेलों. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचें हें नांव, धक्क्याचें ठिकाण बदललें तरी अजून टिकून आहे. १९४७ च्या जुलैंत रामदास सुटली ती याच नांवाच्या धक्क्यावरून. आतां तेथून २०२० सालापासून मांडव्यास मोठी रो-रो बोट जाते. पोटांत मोटारी आणि वर काचेच्या खोलींत माणसें, सुमारें तासाभराचा प्रवास. खडखडाट नाहीं, एंजिनाची धग नाहीं, कोंबड्या तर नाहींतच. नातू खिडकीशीं जाऊन लाटांचे फोटो काढूं लागला. मी मात्र खुर्चीवरून उठलों, आणि छताखालीं व खुर्च्यांखालीं बचावाचे पट्टे किती आहेत ते मोजूं लागलों. एका खलाशानें ‘‘काका, काय शोधतां?’’ म्हणून विचारलें. मीं कारण सांगितलें. तो रेवसकडचाच निघाला. त्याला रामदासची हकीकत माझ्याहून अधिक ठाऊक होती. त्यानें कपाट उघडून मला आंतील पट्टे दाखविले, आणि मग आम्ही दोघे उजव्या बाजूच्या कठड्यापाशीं जाऊन उभे राहिलों. काशाचा खडक कोणत्या दिशेस येतो तें त्यानें हात करून दाखविलें. तेथें पाणीच दिसत होतें.